पायगाडीस कवच घालावें काय?

मनुष्यानें स्वतःच्या स्नायूंच्या बळावर चालविण्यासाठीं जीं यंत्रें आजवर निर्माण केलीं, त्यांत पायगाडीइतकें काटकसरी यंत्र दुसरें नाहीं. पायीं चालणारा मनुष्य जेवढे श्रम करून एक कोस जातो, साधारण तेवढ्याच श्रमांत पायगाडीवर बसलेला मनुष्य तीन कोस जातो. तथापि ह्या यंत्राच्या ठायीं दोन उणिवा जन्मापासूनच आहेत. एक ही कीं, ताठ बसलेल्या मनुष्याची छाती वाऱ्यापुढें भिंतीसारखी उभी राहते. आणि दुसरी ही कीं, ऊन, पाऊस, धूळ व चिखल ह्यांपासून त्यास कसलेंच संरक्षण नसतें. ह्या दोन्ही उणिवा एकदम दूर करण्याच्या हेतूनें युरोपांत एक निराळी गाडी तयार झाली आहे. तींत आरामखुर्चींत बसावें त्याप्रमाणें पाठ टेकून व पाय पुढें पसरून बसावयाचें. पॅडलें गाडीच्या नाकाशीं असतात. बहुधा पुढें दोन व मागें एक अशीं तीन चाकें असतात. आणि ह्या सर्वांवर माशाच्या आकाराचें एक पातळ कवच घातलेलें असतें. तिकडे तिला ‘व्हेलोमोबिल’ म्हणतात. आपण ह्या लेखापुरतें तिला कवचगाडी म्हणूं.

विसापूर, बामणी व आसपासच्या इतर खेड्यांतून बल्लारपुरास पायगाडीनें शिकावयास येणारीं मुलें थोडीं नाहींत. मानव विकास कार्यक्रमाखालीं ह्या भागांतील मुलींस शाळेसाठीं सायकली देण्यांत आल्या आहेत, हेंही सर्वांस ठाऊक आहे. एप्रिल महिन्यांतील परतीची दुपार आणि जुलै महिन्यांतील मुसळधार सकाळ ह्या मुलांना चांगल्याच परिचयाच्या असतात. म्हणून कवचगाडीचें चित्र पाहिलें कीं, ‘सर, आपणही अशी गाडी कां बांधूं नये?’ असा प्रश्न वरच्या वर्गांतून हटकून येतो. प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें एका शब्दांत देतां येत नाहीं. कारण ह्या गाडींत जें जें मिळतें, त्याची कांहीं ना कांहीं किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत देशपरत्वें बदलते. डेन्मार्कांत जी परवडते ती बल्लारपुरांत परवडेलच असें नाहीं.

ह्या गाडीचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगतों. फ्रान्समधील शार्ल मोशे ह्याच्या पत्नीस आपल्या लहान मुलानें दुचाकीवर बसणें धोक्याचें वाटे. म्हणून मोशेनें मुलासाठीं चार चाकांची पॅडलची गाडी बांधली, असें सांगतात. पुढें त्यानें मोठ्या माणसांसाठींही तशा दोन आसनांच्या गाड्या बनविल्या व त्यांस ‘व्हेलोकार’ हें नांव दिलें. नंतर त्यानें त्याच तत्त्वावर दोन चाकांची पहुडती सायकल तयार केली. तिच्यावर बसून फ्रान्सिस फोर ह्यानें ता. ७ जुलै १९३३ रोजीं एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलें. त्यापूर्वींचा, ऑस्कर एग ह्याचा १९१४ पासून टिकलेला विक्रम ४४.२४७ किलोमीटरांचा होता. पुढच्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें शर्यतीच्या सायकलीची व्याख्या अशी केली कीं, पहुडती सायकल तींत बसेना. त्यामुळें विक्रमांच्या वहींत तिला जागा उरली नाहीं. फोरनें मात्र १९३९ सालीं आपल्या सायकलीस कवच चढवून एका तासांत पन्नास किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. दुसऱ्या महायुद्धांत फ्रान्समध्यें पेट्रोल मिळेनासें झालें, तेव्हां व्हेलोकारांस पुन्हां मागणी आली. १९८० नंतर डेन्मार्कांत कार्ल गेओर्ग रास्मुसेन ह्यानें ‘लैट्रा’ नांवाची कवचगाडी तयार केली, व हॉलंडांत ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनीं जोडून केलेली ‘आल्लेवेडर’ निघाली. ह्या डच नांवाचा अर्थ ‘सर्व हवामानांची’ असा आहे. सर्व हवामानांत विदर्भांतील मे महिना त्या लोकांनीं धरला नसावा, असें आम्हांस वाटतें.

सन २०१६ मध्यें कॅनडाच्या टॉड रायकर्ट ह्यानें अमेरिकेंतील नेवाडा संस्थानांत सपाट सडकेवर कवचबंद सायकलीनें ताशीं १४४.१७ किलोमीटर इतका वेग गांठला. त्याच्या सायकलीस खिडकीच नव्हती. बाहेरचा रस्ता तो आंतील लहानशा पडद्यावर कॅमेऱ्याच्या साहाय्यानें पाहत होता. अशा कौतुकाच्या गोष्टी वाचून आपल्या मुलांचे डोळे दिपतात. परंतु तो वेग कांहीं सेकंदांपुरता होता, सडक मुद्दाम मोकळी केलेली होती आणि पुढून कोळशाचा ट्रक येत नव्हता.

आतां हिशेबाकडे वळूं. सपाट रस्त्यावर पायगाडीस मुख्यतः दोन विरोध सोसावे लागतात. पहिला हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि म्हणून त्यास तोंड देण्यासाठीं लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट केला कीं हवेसाठीं आठपट शक्ति पाहिजे. दुसरा विरोध चाकांचा. टायर जमिनीशीं चेपतो, पुन्हां फुगतो, आणि ह्या घडामोडींत थोडी शक्ति वायां जाते. हा विरोध एकंदर वजनाच्या प्रमाणांत असतो. वेगाशीं त्याचा फारसा संबंध नसतो. कवचानें पहिला विरोध घटतो हें खरें. परंतु कवचाचें स्वतःचें वजन असल्यामुळें दुसरा वाढतो. ह्या गाडीविषयींचे पुष्कळसे वाद ह्या एका वाक्यांत आले.

उदाहरणार्थ, साठ किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी घेऊं. त्याची साधी काळी सायकल बावीस किलोग्रॅमांची, म्हणजे एकूण ८२. त्याच विद्यार्थ्यास घरीं बांधलेल्या पंचेचाळीस किलोग्रॅमांच्या कवचगाडींत बसविलें तर एकूण १०५. हवेस अडणारें क्षेत्र व आकाराचा गुणांक ह्यांचा गुणाकार साध्या सायकलीस ०.६ चौरस मीटर धरूं. युरोपांतील उत्तम कवचगाड्यांत तो ०.१ च्या आसपास येतो. आपण घरगुती कामास शोभेल असा ०.१५ धरूं. उन्हाळ्यांतील आपल्या हवेचें वजन दर घनमीटरास सुमारें १.१ किलोग्रॅम असतें, आणि चांगल्या डांबरी सडकेवर चाकांचा विरोध वजनाच्या हजारांत आठ भाग धरण्यास हरकत नाहीं.

ताशीं १५ किलोमीटर वेगानें जातांना साध्या सायकलीस हवेसाठीं २४ वॅट व चाकांसाठीं २७ वॅट, एकूण ५१ वॅट लागतात. कवचगाडीस हवेसाठीं केवळ ६, परंतु चाकांसाठीं ३४, एकूण ४० वॅट लागतात. म्हणजे एवढी खटपट करून बचत ती किती, तर अकरा वॅटांची. आतां वेग ताशीं ३० किलोमीटर करूं. साध्या सायकलीस एकूण २४५ वॅट लागतात, आणि इतकी शक्ति शर्यतवीराखेरीज कोणी फार वेळ देऊं शकत नाहीं. कवचगाडीस मात्र ११६ वॅट पुरतात. निम्म्याहून अधिक बचत! युरोपांतील मनुष्य ह्या गाडीवर कां लुब्ध होतो तें ह्यावरून कळेल. तो मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावरून वीस-तीस किलोमीटर दूर कामास जातो, आणि तीसच्या वेगानें जाऊं शकतो. शाळेस येणारा मुलगा बाजारांतून, गुरांमधून व गतिरोधकांवरून पंधराच्या वेगानें येतो. कवचाचें बक्षीस वेगास आहे. जेथें वेग नाहीं तेथें बक्षीसही नाहीं.

आणि आपला रस्ता नेहमीं डांबरीच असतो असेंही नाहीं. मुरमाच्या रस्त्यावर चाकांचा विरोध हजारांत वीस भागांपर्यंत सहज जातो. पंधराच्याच वेगानें तेथें हिशेब केला तर साध्या सायकलीस ९१ वॅट येतात व कवचगाडीस ९२! म्हणजे गांवापासून सडकेपर्यंतच्या त्या मुरमाच्या वाटेवर कवचानें कमावलेलें सारें कवचाच्याच वजनानें गमावलें. चढावर तर ती मागेंच पडते. शेंकडा चार चढाच्या पुलावर ताशीं दहाच्या वेगानें चढतांना साध्या सायकलीस ११४ व कवचगाडीस १३९ वॅट लागतात. शिवाय साध्या सायकलीवरून उतरून ती ढकलीत नेतां येते, ही सोय कवचगाडींत तितकी सुलभ नाहीं. विद्यार्थ्यांनीं हे आंकडे स्वतः करून पाहावे. वजन पंचेचाळीसऐवजीं तीस धरलें तर काय होतें, हेंही पाहावें. तसें केलें म्हणजे ह्या गाडींत वाऱ्याइतकाच तराजूही महत्त्वाचा आहे हें त्यांच्या ध्यानीं येईल.

परंतु आमच्या मतें ह्या प्रांतांत खरा प्रश्न वॅटांचा नाहीं. तो घामाचा आहे.

मनुष्याचें शरीर हें एक इंजिन आहे, आणि त्याची कार्यक्षमता शेंकडा वीस-पंचविसांहून अधिक नाहीं. पॅडलांवर ७५ वॅट देण्यासाठीं शरीरांत सुमारें ३०० वॅट खर्च होतात. बाकीच्या २२५ वॅटांची उष्णता होते. त्यांत स्वस्थ बसलेल्या शरीरांतही निर्माण होणारी पाऊणशें वॅट उष्णता मिळविली कीं ३०० वॅट झाले. एवढी उष्णता शरीरानें सतत बाहेर टाकली पाहिजे, नाहींतर रक्त तापूं लागतें. हिंवाळ्यांत गार हवा ती सहज वाहून नेते. परंतु चंद्रपूर-बल्लारपूर भागांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, आणि त्वचेचें तापमान मात्र ३५ च्या आसपास असतें. अशा वेळीं हवा शरीरास निववीत नाहीं, उलट तापवितेच. तेव्हां घामाची वाफ होणें हा एकच मार्ग उरतो. एक किलोग्रॅम घामाची वाफ होतांना सुमारें २४ लक्ष जूल उष्णता जाते. ३०० वॅट म्हणजे तासाला १० लक्ष ८० हजार जूल. म्हणजे दर तासाला जवळजवळ अर्धा लिटर घाम नुसता येऊन भागत नाहीं, तो अंगावरून पुरता वाळला पाहिजे. जो घाम टपकून खालीं पडला त्यानें पाणी नेलें, उष्णता नेली नाहीं. आणि घाम वाळण्यास वारा लागतो. तोच वारा अडविण्यासाठीं आपण कवच घालीत आहों.

येथें कोणी म्हणेल कीं, कवचास एक भोंक पाडलें म्हणजे झालें. तोही हिशेब करूं. पावसाळ्यांत तीस अंशांच्या दमट हवेंत दर घनमीटरास सुमारें २४ ग्रॅम बाष्प अगोदरच असतें. ती हवा कवचांतून जातांना थोडी तापून आणखी आठ ग्रॅम बाष्प घेईल असें धरूं. घामाचा दर सेकंदास अष्टमांश ग्रॅम आहे. तेव्हां सेकंदास सुमारें सोळा लिटर हवा आंतून वाहिली पाहिजे. पंधराच्या वेगानें जातांना त्यास चाळीस चौरस सेंटिमीटरांचें, म्हणजे पोस्टकार्डाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढें छिद्र पुरतें! कागदावर प्रश्न सुटला. परंतु नाकांतून शिरलेली हवा पायांवरून निघून जाते. पाठ आसनास चिकटलेली असते व ती वाळतच नाहीं. आणि रेल्वेच्या फाटकाशीं गाडी थांबली कीं वाऱ्याचा वेग शून्य होतो, शरीराची उष्णता मात्र कांहीं वेळ तशीच येत राहते. माध्यान्हीं दर चौरस मीटरावर सुमारें हजार वॅट ऊन पडतें, तें वेगळेंच. पारदर्शक झांकणाखालीं बसलेला मनुष्य त्या वेळीं भट्टींत बसलेला असतो. म्हणून छिद्र कागदावरच्या मापाच्या निदान दसपट असावें, आणि तें पायांशीं नव्हे तर छातीच्या समोर असावें, असें आमचें मत आहे. एवढें मोठें तोंड ठेविलें कीं ०.१५ चा गुणाकार वाढतो. वाढूं द्यावा. उष्माघातानें मनुष्य दगावतो. चार वॅट अधिक लागल्यानें दगावत नाहीं.

सावली व कवच ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, हें ह्यावरून लक्षांत यावें. युरोपांत थंडी बाहेर ठेवावयाची असते, म्हणून तेथें गाडी बंद करणें लाभदायक होतें. आपणांस ऊन व पाऊस बाहेर ठेवावयाचे आहेत आणि वारा आंत घ्यावयाचा आहे. त्यासाठीं छप्पर पाहिजे, पेटी नको. पांढऱ्या जाड कापडाचें छत, त्याच्याखालीं चार बोटांच्या अंतरावर दुसरें पातळ कापड, व दोहोंमध्यें खेळती हवा, एवढ्यानें उन्हाचा मोठा भाग वरच्या वर थोपवितां येतो. आपल्या शेतांतील माळा कसा बांधलेला असतो तें पाहावें. त्यास चार भिंती कोणी घालीत नाहीं.

ह्या विषयाचा खरा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रांत झाला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सातारा जिल्ह्यांतील फलटण येथें बी. व्ही. निंबकर ह्यांनीं १९६८ सालीं स्थापन केलेली निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. तेथें अनिल राजवंशी ह्यांनीं सायकलरिक्षाचा प्रश्न हातीं घेतला. अमेरिकेंत उच्च शिक्षण घेऊन ते १९८१ सालीं फलटणास आले. पुढें २०२२ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. त्यांनीं पाहिलें कीं, लाखों गरीब माणसें ज्या यंत्रावर पोट भरतात त्याची रचना अनेक दशकें जवळजवळ बदललेलीच नाहीं. गियर नाहीं, त्यामुळें चढ आला कीं रिक्षावाला उतरून गाडी ओढूं लागतो, ब्रेक केवळ पुढच्या चाकास, साखळी लांबलचक, छत असें कीं वारा त्यांत अडकतो. फलटणच्या सुधारलेल्या रिक्षांत गियर घातले, मागच्या चाकांस ब्रेक दिला, साखळी आंखूड केली, झोल्यांची व्यवस्था सुधारली आणि छताचा आकारही हवेचा विरोध घटेल असा केला. पुढें विजेच्या मोटारीची जोड दिलेल्या रिक्षाही तेथें झाल्या.

आम्हांस ह्यांत शिकण्यासारखें वाटतें तें हें कीं, फलटणास कामाचा आरंभ वाऱ्यापासून झाला नाहीं. ज्या मनुष्याचे पाय ती गाडी ओढतात त्याचा दम कोठें मोडतो, हें आधीं पाहिलें गेलें. सुटतांना, चढावर व ब्रेक लावतांना. वारा त्यानंतर. आपल्या कडील कवचगाडीसही हाच क्रम लागू आहे. प्रथम गियर, मग ब्रेक, मग वजन, मग छप्पर, आणि सर्वांच्या शेवटीं, रस्ता व वेग तसा असेल तर, कवच. विजेची जोड घेतली तर आणखी एक गोष्ट घडते, ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं: चढावरचें काम मोटार करते, म्हणून तेवढी उष्णता मनुष्याच्या अंगांत निर्माणच होत नाहीं. उन्हाळ्यांत हा लाभ वेगापेक्षांही मोठा आहे.

आतां बसण्याच्या उंचीविषयीं. शर्यतीची कवचगाडी जमिनीस जवळजवळ टेकलेली असते. त्यानें हवेचा विरोध घटतो व वळणावर गाडी उलटत नाहीं. तीन चाकांची गाडी वळणावर कलत नाहीं, म्हणून तिचा गुरुत्वमध्य किती उंच आहे ह्यावर तिची सुरक्षितता अवलंबून असते. पुढच्या दोन चाकांत ७५ सेंटिमीटर अंतर असून दोनतृतीयांश भार त्यांवर असेल, व गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ती गाडी ताशीं सुमारें २६ किलोमीटरांपर्यंत उलटत नाहीं. तोच गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर केला तर ही मर्यादा २१ वर येते. मग खालींच बसावें हें उत्तम नव्हे काय? चंद्रपूर-बल्लारपूर मार्गावर कोळसा, लांकूड व कागद वाहणारे ट्रक ज्यानें पाहिले आहेत तो असें म्हणणार नाहीं. ट्रकचालकाचे डोळे जमिनीपासून अडीच मीटरांच्या आसपास असतात, आणि त्याच्या तोंडाशीं लगटून असलेली कमरेएवढी वस्तु त्यास दिसत नाहीं. सायकलस्वाराचें डोकें निदान त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत तरी असतें. म्हणून ह्या गाडीचें आसन जमिनीपासून अर्ध्या मीटराहून खालीं नेऊं नये. उलटण्याचा धोका वाढतो तो चाकांमधील अंतर वाढवून व वळणावर वेग आवरून भरून काढावा. मागें लवचिक कामटीवर माणसाच्या उंचीचें तांबडें निशाण, रात्रीं तांबडा दिवा, आणि दोन्ही बाजूंस आरसे हवेतच; कारण पहुडलेल्या मनुष्यास मान वळवून मागें पाहतां येत नाहीं, आणि पातळ कवचाच्या ढमढम आवाजांत मागचा भोंगा नीट ऐकूंही येत नाहीं. कोठारीकडील जंगलांतून जाणाऱ्या रस्त्यानें सांजवेळीं तर ही गाडी नेऊंच नये. बसलेला किंवा वांकलेला मनुष्य वाघास मनुष्य वाटत नाहीं, असें जंगलांत वावरणारे लोक सांगतात. त्यांचा अनुभव आपल्यापेक्षां मोठा आहे.

चाकें तीन म्हणजे वाटा तीन. दुचाकीवाला खड्ड्यांमधून एका बोटाएवढी वाट काढतो; तीनचाकीच्या एका ना एका चाकास खड्डा सांपडतोच. पुढचीं चाकें कवचाच्या आंत घेतलीं तर हवेचा विरोध घटतो, परंतु त्यांना वळण्यास जागा उरत नाहीं, आणि अरुंद गल्लींत गाडी एका फेऱ्यांत फिरविणें अशक्य होतें. शिवाय आपल्या काळ्या मातीचा चिखल चाक व कवच ह्यांमध्यें एकदां घट्ट बसला कीं गाडी जागची हालत नाहीं. तेव्हां चाकें बाहेरच बरीं. तीं लहान मुलांच्या सायकलीचीं वीस इंची घ्यावीं, म्हणजे टायर-ट्यूब कोणत्याही मिस्त्रीकडे मिळेल. पुढच्या चाकांचा आंस एकाच बाजूनें धरलेला असतो, त्यास साध्या सायकलीचा आंस चालत नाहीं; तो मोडतो. दिव्यांगांच्या तीनचाकीस जाड आंस असतो, तसा वापरावा. पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक एकाच मुठीनें सारखे ओढले गेले पाहिजेत. एक आधीं लागला तर गाडी त्या बाजूस झेंपावते, आणि तें वळणापेक्षांही वाईट.

साखळी मात्र झांकावी. ही एक जागा अशी आहे कीं, येथें झांकण्याचा तोटा कांहींच नाहीं. पहुडत्या गाडीची साखळी साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब असते, आणि पावसाळ्यांत तिच्यावर उडालेली वाळू तिला कानशीसारखी खाते.

कवचाचें साहित्य काय असावें? युरोपांत ॲल्युमिनियम, कांचतंतु व कार्बनतंतु वापरतात. कांचतंतूचें काम शाळेंत करूं नये. त्याची धूळ फुप्फुसांस व कातडीस अपायकारक आहे. आपल्याजवळ बांबू आहे. ज्या बांबूचा ह्या गांवच्या गिरणींत वर्षानुवर्षें कागद झाला, त्याच्या कामट्या ओढीस फार बळकट व वजनास फार हलक्या असतात. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथें बांबूचें संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या सुपें, टोपल्या विणणारे बुरूड तर आपल्या दाराशींच आहेत. कणगी विणणाऱ्यास माशाच्या आकाराचा सांगाडा विणणें कठीण नाहीं. त्यास गणित शिकवावें लागत नाहीं, आकार दाखवावा लागतो. त्यावर तंबूचें मेणकापड ताणावें. विणीच्या उंचसखलपणानें हवेचा विरोध थोडा वाढेल, परंतु पंधरा-वीसच्या वेगास तें मनावर घेण्याजोगें नाहीं. दोन गोष्टी मात्र जपाव्या. ताजा बांबू भुंगा पोखरतो, म्हणून कामट्या टांकणखार व बोरिक आम्ल ह्यांच्या द्रावणांत मुरवून वाळवाव्या. आणि आपटल्यावर बांबू चिरून त्याच्या सुऱ्या होतात. म्हणून बसणाऱ्याच्या अंगाकडील सर्व टोंकें कापडानें गुंडाळून शिवून टाकावीं. सांगाडा चाकांच्या भारास लावूं नये. भार लोखंडी नळ्यांनीं घ्यावा, बांबूनें केवळ छप्पर व नाक सांभाळावें.

वळवाच्या आधींची वावटळ ज्यांनीं सोसली आहे त्यांना आणखी एक शंका येईल, आणि ती खरी आहे. बाजूंनीं बंद असलेली हलकी गाडी आडव्या वाऱ्यांत शिडासारखी ढकलली जाते, व शेजारून वेगानें ट्रक गेला तरी तेंच होतें. बाजू उघड्या ठेवण्याचें हें दुसरें कारण. पावसांत सोडावयाचे पडदे गुंडाळून ठेवावे व वारा नसेल तेव्हांच सोडावे.

आतां, अशी अर्धी झांकलेली गाडी कोणाच्या उपयोगाची? धडधाकट मुलास ती चैन आहे, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. त्याची साधी सायकल, डोक्यास पांढरा रुमाल व दप्तरास मेणकापड हें त्यास पुरेसें आहे. परंतु ज्याचे पाय चालत नाहींत व जो हातांनीं तीनचाकी चालवितो, त्याची गोष्ट वेगळी. हातांची शक्ति पायांहून पुष्कळ कमी, त्याचा वेग दहाच्या आंत, आणि उन्हांत-पावसांत उतरून झाडाखालीं धांवण्याची त्यास सोय नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ बाबा आमटे ह्यांनीं उभारलेल्या आनंदवनांत अशा तीनचाकी सायकली तयार करण्याचें काम झालेलें आहे. त्या गाडीस गियर नसतात व बहुधा छतही नसतें. ज्या ज्ञानानें युरोपांत तासाला नव्वद किलोमीटर अंतर काटणें शक्य झालें, त्यांतील थोडेंसें ह्या गाडीच्या कामीं आणलें, म्हणजे दुहेरी छत, तीन गियर, सारखे ओढणारे ब्रेक व पाठीस हवा लागेल असें विणलेलें आसन, तर अकरा वॅटांच्या बचतीहून तें निश्चित मोठें होईल. विणलेल्या आसनासाठीं खाटेची सुती पट्टी पुरते.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस काम करावयाचें असेल तर त्यांनीं एखादी जुनी तीनचाकी घेऊन पुढील प्रयोग करावे. वारा पडलेला असतां, सपाट व निर्मनुष्य सडकेवर गाडी ताशीं वीसच्या वेगास नेऊन सोडून द्यावी, आणि वेग दहावर येण्यास किती सेकंद लागतात तें मोजावें. एकदां छतासह, एकदां छताविना, आणि दर खेपेस दोन्ही दिशांनीं, म्हणजे चढउताराचा दोष निघून जाईल. छताविना मोजतांना छताचें वजन गाडींत तसेंच ठेवावें. दुसरा प्रयोग तापमापकाचा. एक तापमापक बसणाऱ्याच्या छातीशीं व एक बाहेर सावलींत लावून, दुपारीं चार वाजतां गाडी दहा मिनिटें चालवावी व पांच मिनिटें उभी ठेवावी, आणि दोन्ही आंकडे दर मिनिटास लिहावे. आंतील पारा बाहेरच्यापेक्षां दोन अंशांहून वर राहिला तर कापड कापून तोंड मोठें करावें. हे प्रयोग नोव्हेंबर महिन्यांत आरंभावे, मे महिन्यांत आरंभूं नयेत. बाहेर पस्तीस अंशांहून अधिक असेल त्या दिवशीं कोणासही आंत बसवूं नये, आणि शेजारीं पाण्याचा तांब्या घेऊन एक जण उभा असावा.